घर तेवढंच, मांडणी बदलली: तुम्ही काय हलवलं?

जालना, दोन खोल्या (धागा मीच काढतेय)

आमच्याकडं माणसं पाच, वर पत्रे, खाली शहाबादी. गेल्या पावसाळ्यात सासूबाई ज्वारीच्या पिठासाठी खालच्या डब्यापाशी वाकल्या आणि त्यांना उठताच येईना. पोरं शाळेतून येईपर्यंत डब्याचा काठ धरून तशाच बसून होत्या. मी कामावर. संध्याकाळी म्हणाल्या, "नवीन काही आणू नको बाई, हे पीठ तेवढं वर घे."

त्या रात्री आम्ही दोघांनी स्वयंपाकघर पार उलटंपालटं केलं. रोज हाताला लागतं ते कमर आणि खांद्याच्या मध्ये, आठ-पंधरा दिवसांनी लागतं ते खाली, सणावाराचं वर. ज्वारीचा कट्टा (पोतं) होता तिथंच राहिला. त्यातली दळून आणलेली पाच किलो ओट्यावरच्या डब्यात. जुन्या दाराच्या दोन फळ्या घरात होत्याच, अँगल तेवढे विकत आणले. गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण दिवसातून पंधरा वेळा वाकणं थांबलं.

तुम्ही घरात काय हलवलं, किती पैसे लागले, ते लिहा. फसलेलं आवर्जून लिहा. नुसता सल्ला नको.

औसा तालुका

ताई, तुमचं बरोबर आहे. फक्त वर काय ठेवता ते बघा. 1993 साली 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमचं जुनं घर दगडमातीच्या भिंतींचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. दरवर्षी पावसाआधी माळवदावर माती चढायची, जुनी कुणी उतरवायचं नाही. आमच्या भागात माणसं झोपेत दबली ती त्या दगडांखाली, त्या मातीच्या ओझ्याखाली.

आता आमचं घर सिमेंटचं आहे. पण बायकोनं दिवाणाच्या बरोबर वर माळा करून घेतला आणि त्यावर पितळेचे हंडे, घागरी, जुनं जातं चढवलं. मला झोप लागेना. दोन महिने त्यावरून आमचं वाजलं. शेवटी पितळ सगळं दिवाणाच्या पेटीत गेलं, जातं परसदारी, आणि माळ्यावर फक्त गोधड्या-वाकळी. लोखंडी कपाट दाराशेजारी होतं. पडलं असतं तर दारच अडलं असतं. ते समोरच्या भिंतीला नेलं आणि वरच्या बाजूनं पट्टी मारून भिंतीला आवळलं. खर्च अगदी किरकोळ. त्या रात्री मात्र मी निवांत झोपलो.

परभणी, भाड्याचं घर

पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी लिहिते. मे महिन्यात आमच्याकडं पारा 44 च्या पुढं जातो. आम्ही कुलर खोलीत मधोमध ठेवला होता, वर खिडक्या बंद, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. तिसऱ्या दिवशी गाद्या दमट, अंग चिकट, लेकराला सर्दी. शेजारच्या इलेक्ट्रिशियन दादांनी समजावलं, कुलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली हवा निघून जायला वाट लागते. मग कुलर खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवला आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली. तोच कुलर, पण फरक पहिल्याच रात्री कळला.

पत्र्यावर होळीच्या आसपास चुन्याचे दोन हात मारतो. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. आणि अंथरुणं पश्चिमेच्या भिंतीपासून हलवली. ती भिंत दुपारनंतर उन्हानं तापते, रात्री अकरापर्यंत धग सोडते. यात एक रुपया गेला नाही.

लातूर

आमच्या घरातली जागा पाण्यानं खाल्ली होती. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते लातूरचं कुणी विसरणार नाही. तेव्हापासून घरात 200 लिटरचे तीन ड्रम. भरलेला ड्रम म्हणजे दोन क्विंटल, हलवायचं नावच नाही. एक मोरीत, एक स्वयंपाकघरात, एक तर चक्क पुढच्या खोलीत टीव्हीखाली. इतकी वर्षं आई त्यांच्यातून अंग चोरून चालायची आणि आम्हाला ते दिसतही नव्हतं, कारण नळ परत कधी येईल याचा घोर.

मागच्या दिवाळीत बोळात सिमेंटच्या ठोकळ्यांचा दीड फूट ओटा केला, तिन्ही ड्रम त्यावर चढवले. प्लंबरकडून प्रत्येकाला खाली तोटी बसवून घेतली. आता तोटीखाली कळशी ठेवायची, वाकून तांब्यानं उपसायचं काम नाही. झाकणं नीट बसत नव्हती, म्हणून जुन्या लुगड्याचं फडकं सुतळीनं आवळून बांधतो. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. आठवड्याला आळीपाळीनं एक ड्रम रिकामा करून आतून घासतो.

पुढच्या खोलीत जिथं ड्रम होता तिथं धाकटीचा अभ्यासाचा पाट आणि दिवा आहे. फरशीवर ड्रमाचा गोल डाग अजून तसाच, ती त्याच्या मधोमध बसते.

बीड जिल्हा

आमचं थोडंच. दारासमोरची वलणी काढून आढ्याखाली उंच बांधली, दोरी ओढली की खाली येते. इतकी वर्षं ओले कपडे तोंडावर घेत घरात शिरत होतो.

हिंगोलीकडचा

घरकुलात राहतो. 25 चौरस मीटर, त्यातच स्वयंपाक. दोन वर्षांपूर्वी वडिलांची डावी बाजू गेली. रात्री संडासला उठले की मी आणि भाऊ दोन्हीकडून धरायचो. एकदा म्हणाले, "तू मला धरू नको रे, मला धरायला कायतरी दे."

नळाचा लोखंडी पाइप कापून भिंतीला आडवा बसवला. आठव्या दिवशी तो प्लास्टरसकट निघून हातात आला. वडील पडले, नशिबानं खांद्यालाच लागलं. चूक माझी, स्क्रू नुसते गिलाव्यात होते. दुसऱ्यांदा भिंतीला आरपार भोक पाडून बाहेरून लोखंडी पत्ती आणि नटबोल्ट लावला. मग मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. पाइप त्यांच्या उजव्या हाताला यायला हवा हेही नंतर सुचलं, म्हणून खाटेचं डोकं फिरवलं. आता उतरल्यापासून भिंत उजवीकडंच राहते. संडासाचं दार आत उघडायचं ते बाहेर उघडणारं केलं. आत माणूस पडला तर दार ढकलता येत नाही, हे आम्ही भोगलंय.

खाटेपासून संडासापर्यंत वाटेत आता काहीच ठेवत नाही. चप्पलसुद्धा.

धाराशिव

गॅसची टाकी ओट्याखाली दार लावून झाकली होती, छान दिसायची. एजन्सीचा माणूस तपासायला आला आणि आधी दार काढा म्हणाला. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचून राहतो. आता टाकी उभी, उघडी, वारा लागेल अशी. शेगडी तिच्याहून उंच.

जालना (धागा माझा)

हिंगोलीचे भाऊ, तुमचं वाचून मोरीच्या दारापाशी पाइप लावायचं ठरवलंय. सासूबाईंना उभं करून हात कुठपर्यंत जातो ते बघून भिंतीवर खडूनं खूण केली. त्या मला म्हणाल्या, अजून दोन बोटं खाली घे. औशाचे दादा, कपाटाच्या पट्टीला भिंतीत स्क्रू किती इंची घेतले तेवढं सांगा, रविवारी मिस्त्री येणार आहे.