कालचे वैरी आज दोस्त कसे? मेक्सिकोच्या टोळ्यांबद्दल प्रश्न

बार्शीरोड_लातूर:
मेक्सिकोच्या ड्रग टोळ्यांवर वाचतेय, पण डोक्यात काही बसंना. आखाती टोळी अन् सिनालोआ वर्षानुवर्षं एकमेकांच्या जिवावर उठलेल्या, मग 2010 मध्ये एकत्र कशा आल्या? नुसती नावं पाठ करून भागत नाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

मोसंबीवाला_जालना:
ताई, नावं बाजूला ठेवा, आधी रस्ता बघा. माल दक्षिणेतून येतो, गिऱ्हाईक अमेरिकेत. मधे सीमेवर तिहुआना, हुआरेझ, नुएव्हो लारेदो अशी मोजकी नाकी. अशा ताब्यातल्या गावाला तिकडं 'प्लाझा' म्हणतात. तिथं बसलेल्याला दुसऱ्याच्या मालावरही पैसा मिळतो. 1989 ला या धंद्याचा तेव्हाचा बडा म्होरक्या फेलिक्स गायार्दो पकडला गेला अन् त्याच्या माणसांत ही नाकी वाटली गेली. भाऊबंदकी तिथूनच पेटली.

आता तुमचं 2010. आखाती टोळीनं लष्करातून पळालेले कमांडो राखणीला ठेवले होते, तेच झेतास. ते मालकावरच उलटले. मालक एकटा पडला अन् जुन्या वैऱ्याच्या, सिनालोआच्या दारात गेला. त्याआधी 2008 ला बेल्त्रान लेयवा भावांपैकी एक पकडला गेला. सिनालोआचा म्होरक्या गुझमाननंच पकडून दिला, या संशयावर बाकीचे भाऊ सिनालोआतून फुटले अन् झेतासला मिळाले. समोरच्याचा काटा निघेपर्यंतचीच सोयरीक असते ही.

मला हे सगळं उमगलं ते मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यामुळं. तिथं आपातसिंगानकडं लिंबाच्या बागा आहेत. माझी मोसंबी, म्हणून ओढीनं वाचत गेलो. आधी झेतास आले. 2006 ला 'ला फामिलिया' टोळीवाले 'बाहेरच्यांना हाकलतो' म्हणत त्यांच्यावर उठले. 2011 ला 'ला फामिलिया'तूनच टेम्पलार नावाची टोळी फुटली अन् लिंबूवाल्यांकडून खंडणी उकळू लागली. पाचोडच्या बाजारात पट्टी हातात पडली की हमाली-तोलाईचे आकडे बघूनच माझा जीव कासावीस होतो. तिथल्या माणसाची ही वजावट कुठल्याच पट्टीवर नसते, अन् टोळी बदलली तरी सुटत नाही, फक्त घेणारा बदलतो.

24 फेब्रुवारी 2013 ला ला रुआना गावचा लिंबू बागायतदार इपोलितो मोरा शेजाऱ्यांना घेऊन, हातात बंदूक धरून उभा राहिला. वर्षभरात टेम्पलार मोडले. पण मोकळ्या झालेल्या जागेवर दुसऱ्या टोळ्या आल्याच. जून 2023 ला मोराला त्याच्याच गावात मारलं.

नांदेडकर_72:
काका, सिनालोआ राज्याच्या राजधानीचं, कुलियाकानचं राहिलं. 25 जुलै 2024 ला सिनालोआचा म्हातारा म्होरक्या झंबादा अमेरिकेत पकडला गेला. सोबत गुझमानचा मुलगा होता. झंबादाचं म्हणणं, 'त्यानंच मला फसवून, पळवून आणलं.' सप्टेंबरपासून झंबादाच्या अन् गुझमानच्या पोरांच्या गटांची कुलियाकानात लढाई जुंपली. एका ताटात जेवलेली घरं ही.

बार्शीरोड_लातूर:
आता कुठं उलगडलं. काका, मोरानंतर लिंबूवाल्यांच्या बाजूनं कुणी बोलणारं राहिलं का?

मोसंबीवाला_जालना:
होता, ताई. बर्नार्दो ब्राव्हो, आपातसिंगानच्या लिंबू उत्पादकांच्या संघटनेचा अध्यक्ष. खंडणीविरुद्ध उघड बोलायचा. ऑक्टोबर 2025 ला त्याचाही खून झाला. माझ्याकडं आंबे बहाराची तोडणी चालू होती. माणसं क्रेट भरत होती अन् मी बांधावर बसून ती बातमी दोनदा वाचली.