रेंडर लावला की प्रोसेसर थेट १०० डिग्री, लिक्विड कूलर घेऊ का?

खान्देशी_कट
नमस्कार मंडळी. जळगावात असतो, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. मशीन इंटेल आय५ १०४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड, आणि कूलर प्रोसेसरच्या डब्यात आलेला तोच. डिसेंबरमधे याच मशीनवर तास तास रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवणं) चालायचा, तापमान ७४ च्या वर गेलेलं आठवत नाही. आता मे महिन्यात प्रीमिअरमधे एक्सपोर्ट दाबलं की लगेच १००, फॅन मिक्सरसारखा ओरडतो, क्लॉक (प्रोसेसरचा वेग) ४ गिगाहर्ट्झवरून अडीचच्या खाली येतो आणि काल दोनदा मशीन आपोआप बंद पडलं, परत चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर सीपीयू ओव्हर टेम्परेचर असं काहीतरी आलं. दुकानदार म्हणतो २४० मिलिमीटर रेडिएटरचा लिक्विड कूलर टाका, सात हजार. सीझन सुरू आहे, चार लग्नं पेंडिंग आहेत, नवरीचे वडील रोज फोन करतात. घेऊन टाकू का?

बोरीबंदर
भाऊ जळगावात मे महिन्यात माणसंच १०० ला टेकतात, प्रोसेसरचं काय घेऊन बसलात 😄 खिडकीतल्या कूलरची खस बदला आधी.

सोल्डरगन
थांबा, सात हजार खिशातच ठेवा अजून. तीन गोष्टी सांगा. खोलीत किती तापमान असतं, काहीच चालू नसताना प्रोसेसर किती दाखवतो, आणि एक्सपोर्ट दाबल्यावर १०० व्हायला किती वेळ लागतो. दोन सेकंद की दहा मिनिटं? हे नीट बघून सांगा, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो सॉफ्टवेअर टाकून घ्या, फुकट आहे.

खान्देशी_कट
खोलीत दुपारी ४० (भिंतीवरचं घड्याळ दाखवतं, एक-दोन इकडेतिकडे). नुसता डेस्कटॉप असताना ६३-६५. आणि १०० व्हायला... खरंच दोन-तीन सेकंद, बार एकदम वर उडी मारतो. धूळ नाहीये, होळीच्या सुमारास एका दुकानातून ब्लोअर मारून साफ करून आणलंय, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्टपण नवीन लावली म्हणाले.

सोल्डरगन
मग सापडलं बहुतेक. हिशोब बघा. डिसेंबरमधे तुमची खोली समजा २२, प्रोसेसर ७४, म्हणजे खोलीपेक्षा ५२ वर. कूलर कुठलाही असो, तो खोलीच्या हवेच्या खाली नेऊ शकत नाही, त्यामुळे आता खोली ४० असेल तर त्याच कामाला ९२ धरा. वाईट आहे पण १०० नाही, आणि बंद तर पडायलाच नको. वरचं जे आहे ते उन्हाचं नाही. आणि रिकाम्या बसलेल्या मशीनला ६५ म्हणजे तर सरळसरळ संपर्क नाहीये. धुळीने किंवा हवा न खेळल्याने तापतं तेव्हा आकडा हळूहळू चढतो, कारण आधी सगळं ॲल्युमिनियम गरम व्हावं लागतं. दोन सेकंदात उडी मारतोय म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये, मधेच अडकलीये.

आता एक करा, एक्सपोर्ट चालू असताना साइड पॅनल काढून कूलरच्या बाजूच्या पट्ट्यांना बोट लावा (फॅनमधे घालू नका). प्रोसेसर १०० आणि पट्ट्या नुसत्या कोमट लागल्या तर कूलर नीट बसलेला नाही. इंटेलच्या त्या कूलरला चार कोपऱ्यात दाबायच्या पिना असतात, साफसफाई करताना काढून परत लावल्या की एखादी हमखास अर्धवट बसते. वरून बघून कळत नाही, मदरबोर्डच्या मागून बघावं लागतं: पांढऱ्या प्लॅस्टिकचे पाय भोकातून पूर्ण बाहेर येऊन फाकलेले दिसले पाहिजेत, आणि त्यांच्या मधोमध काळी पिन. चारही ठिकाणी.

नागपुरी_संत्रं
सोल्डरगन बरोबर बोलून राहिले. माझ्याकडे तीन वर्षं हेच झालं होतं न कळता, मी उन्हाळ्यालाच शिव्या देत होतो. आणि भाऊ लिक्विडचं म्हणाल तर रेडिएटरलाही वारा तुमच्या खोलीतलाच लागते ना, ४० चा. ६५ वॅटच्या प्रोसेसरला सात हजार कायले घालता.
एक अजून, खोलीतला पाण्याचा कूलर सरळ कॅबिनेटवर झोत येईल असा ठेवू नका, हौदाजवळचे शिंतोडे बारीक उडतात आणि ओलसर धूळ पट्ट्यांवर लेपासारखी बसते, मग ब्लोअरने पण निघत नाही. मी दात घासायचा ब्रश घेऊन बसलो होतो एक अख्खा रविवार.

क्लॉक_काका
६५ वॅट हे डब्यावरचं आहे हो. १०४०० सुरुवातीची २८ सेकंद १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो, नंतर त्याने ६५ वर यायला हवं. पण बऱ्याच मदरबोर्डवर ही मर्यादा बायोसमधे (मदरबोर्डच्या सेटिंगमधे) उघडीच सोडलेली असते, मग तो रेंडर संपेपर्यंत तसाच ओढत राहतो आणि डब्यातला कूलर बिचारा काय करणार. बायोसमधे पॉवर लिमिट १ नावाचं जे आहे तिथे ६५ लिहा. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागेल पण अडीचवर आपटण्यापेक्षा बरं.
आणि प्रीमिअरच्या एक्सपोर्टमधे सॉफ्टवेअर एन्कोडिंग ठेवलंय का? हार्डवेअर करा, १६५० ग्राफिक्स कार्डला ते काम येतं. सगळा भार प्रोसेसरवर कशाला.

खान्देशी_कट
मंडळी, उघडलं. पट्ट्या खरंच कोमट होत्या, चहाच्या रिकाम्या कपासारख्या. मदरबोर्ड बाहेर काढून मागून बघितलं तर तीन कोपरे ठीक आणि रॅमच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातला एक पांढरा पाय तुटलेला, पिन नुसती भोकात लोंबकळत होती!! कूलर काढला तर त्या कोपऱ्याकडे पेस्टचा जाड ओला गोळा तसाच आणि समोरच्या कोपऱ्याकडे धातू दिसेल इतकी पातळ. म्हणजे कूलर तिरका बसला होता होळीपासून. त्या दुकानात जाऊन भांडायचा वेळ नाही, भांडण लग्नसराईनंतर. पिन सुटी मिळत नाही इथे. आता कूलर घ्यावाच लागेल ना? कुठला?

सोल्डरगन
हो, पाय तुटला म्हणजे आता टॉवर कूलरच घ्या, १२० मिलिमीटरचा एक फॅन आणि चार हीटपाइपवाला (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या). डीपकूल एजी४०० किंवा कूलर मास्टर हायपर २१२ च्या वर्गातलं काहीही चालेल, दोन-अडीच हजारात काम होतं. घेण्याआधी कॅबिनेट मोजा!! एजी४०० ची उंची १५० मिलिमीटर आहे, हायपर २१२ जवळजवळ १५९. प्रोसेसरच्या वरच्या पत्र्यापासून साइड पॅनलच्या आतल्या बाजूपर्यंत पट्टी लावून बघा, चिंचोळ्या कॅबिनेटमधे १५९ वाला काच लावू देत नाही, मग लोक काच भिंतीला टेकवून ठेवतात कायमची.
दुसरं, फोटोत बघून घ्या की मागे प्लेट आणि स्क्रूवाली बसवणूक आहे. काही स्वस्त टॉवरना परत त्याच दाबायच्या पिना असतात, आणि टॉवरचं वजन जास्त. तुमचं सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए १२००, त्याची भोकं ११५१ सारखीच. डब्यावर फक्त १७०० लिहिलेलं असेल तर घेऊ नका, त्याचं अंतर वेगळं असतं.

खान्देशी_कट
मोजलं, १५५ भरतंय. म्हणजे एजी४००. पेस्ट किती लावू? दुकानवाल्याने बोटाने थापली होती वाटतं. आणि जुनी कशाने पुसू, सॅनिटायझर आहे घरात.

बोरीबंदर
सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं, ते मागे राहतं. मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मागा, बाटली मिळते, आणि चष्मा पुसायच्या कापडाने पुसा. पेस्ट मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढी, बोट लावू नका, कूलरच पसरवतो. स्क्रू तिरपे कसा, एक इकडचा दोन आटे, मग समोरच्या कोपऱ्यातला दोन आटे. (बघा, मस्करी सोडून पण बोलता येतं मला.)

तळपता_रायझन
मधेच विचारतो, माझं रायझन ५ ३६०० आहे, मलापण पेस्ट बदलायचीये, असंच ओढून काढायचं का?

क्लॉक_काका
ओढायचं नाही!!! एएम४ मधे (तुमच्या रायझनचं सॉकेट) पिना प्रोसेसरला असतात, जुनी पेस्ट वाळून चिकटली की कूलरबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, लॉक लावलेलं असताना. माझा आला होता, अकरा पिना वाकड्या, ब्लेडच्या टोकाने आणि भिंगाने एकेक सरळ करत बसलो होतो, शेजारी बायको म्हणे रांगोळी काढताय का. दहा मिनिटं काहीतरी जड चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सुटू द्या. सुटला की मगच वर.

खान्देशी_कट
लावला. मदरबोर्ड बाहेरच होता म्हणून मागची प्लेट पटकन बसली. पॉवर लिमिट ६५ केली नाही अजून, आधी तसंच बघू म्हटलं. खोली ३९, नुसता डेस्कटॉप ४७, आणि पाऊण तासाच्या एक्सपोर्टमधे सगळ्यात जास्त ७७. फॅनचा आवाज नाही म्हणून दोनदा वाकून बघितलं फिरतोय का ते. हार्डवेअर एन्कोडिंग केल्यावर तर ६८ च्या वर जातच नाही. पहिलं लग्न रात्री पाठवलं, नवरीच्या वडिलांचा सकाळी परत फोन, आता म्हणतात हळदीच्या गाण्यात मामांना अजून दोनदा दाखवा.

नागपुरी_संत्रं
जुन्या कूलरचा फॅन फेकू नका भाऊ, पाठवून द्या, मला पायजे.