रेझ्युमेत चौथीची स्कॉलरशिप ठेवू की काढू?

मीनल_के: मी कोल्हापूरला बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका औषध कंपनीत क्यूसीसाठी, म्हणजे गुणवत्ता तपासणीसाठी, अर्ज करतेय. रेझ्युमे एक पानाचा, आणि त्यातलं अर्धं पान नुसत्या बक्षिसांनी भरलंय: चौथीची स्कॉलरशिप, सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेचं रौप्यपदक, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड, बारावीनंतर इन्स्पायर शिष्यवृत्ती, आणि गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन पोस्टर स्पर्धेत दुसरा नंबर. चौथीचं प्रमाणपत्र बाबांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय. ते खोडताना हात अडतोय. काय ठेवू?

जुना_क्यूसीवाला: अकरा वर्षं क्यूसीत आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. इन्स्पायर सगळ्यात वर, पण नुसतं नाव नको. एचआरला तो एखादा क्लास वाटेल. 'बारावीला बोर्डात पहिल्या 1 टक्क्यात. केंद्र सरकारची वर्षाला 80,000 रुपयांची शिष्यवृत्ती' असं लिही. चौथीची आणि ड्रॉइंगची काढ. पोस्टर कशावर होतं? कुठलं इन्स्ट्रुमेंट वापरलंस? नंबराआधी मी ते बघतो.

मीनल_के: पंचगंगेच्या पाण्यातलं फॉस्फेट. मॉलिब्डेनम ब्लू पद्धत, म्हणजे फॉस्फेटमुळे येणारा निळा रंग किती गडद ते मोजायचं, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटरवर.

जुना_क्यूसीवाला: अगं, मग हे लपवलंस कशाला! कॅलिब्रेशन कर्व्ह (माहीत प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला तुलनेचा आलेख) स्वतः काढला असशील तर तेही लिही. मुलाखतीत मी पहिला प्रश्न त्यावरच विचारेन.

रसायन_शिकवते: होमी भाभाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. त्यात लेखीनंतर प्रात्यक्षिक असतं, प्रकल्प असतो. सहावीतल्या मुलीसाठी ते लहान काम नाही. पण नोकरीच्या रेझ्युमेत ते शोभत नाही. उद्या एमएस्सीला किंवा उन्हाळी संशोधनाला अर्ज केलास की सोबतच्या पत्रात एका वाक्यात येऊ दे, की प्रयोगाची गोडी तिथे लागली. यादीत नको.

सांगलीचा_अमोल: एक माझ्याकडून. मी कॉलेजात तिसरा आलो होतो आणि रेझ्युमेत 'विद्यापीठात तिसरा' असं लिहून बसलो. मुलाखतीत रँक सर्टिफिकेट मागितलं. माझ्याकडे नव्हतंच. ती नोकरी गेली, आणि समोरच्या बाईंची नजर मला अजून आठवते. कुठल्या पातळीवरचा नंबर, ते नेमकं लिही.

मीनल_के: हे वाचून एक विचारायचं राहिलं. पोस्टरला आम्ही दोघी होतो, मी आणि वर्गमैत्रीण. रेझ्युमेत मी एकटीचंच लिहिलंय.

रसायन_शिकवते: बदल लगेच. 'दोघींचा प्रकल्प' लिही आणि त्यापुढे तुझा वाटा.

मीनल_के: नमुने तिने आणले, इचलकरंजीपर्यंत जाऊन. रंग विकसित करणं आणि मोजणी माझी. तसंच लिहिते. तिलाही सांगते तिच्या रेझ्युमेत घालायला, तिने ते घातलंच नव्हतं.