द्राक्षाच्या काड्या संवर्धक टाकूनही कुजत नाहीत

प्रश्न (निफाड):
एप्रिलच्या खरड छाटणीत निघालेल्या काड्या न जाळता बांधालगत रचल्या, मध्ये शेणाचे थर दिले आणि गुळाच्या पाण्यात वाढवलेले कुजवणारे जिवाणू (संवर्धक) त्यावर शिंपडले. जून लागला, शेण वाळून पापुद्रे झाले, काड्या मात्र जशाच्या तशा आहेत. संवर्धकाची मात्रा वाढवावी काय?

उत्तर १:
मात्रा वाढवून काहीही साधणार नाही. अखंड काडीत पाणी शिरत नाही आणि सालीआड दडलेल्या लाकडापर्यंत जिवाणू पोहोचत नाहीत. म्हणून काड्यांचे श्रेडरवर दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून, ते रात्रभर भिजवूनच ढीग रचावा. दुसरी अडचण नत्राची (नायट्रोजनची) आहे. कुजण्यासाठी कर्ब (कार्बन) आणि नत्राचे गुणोत्तर ३०:१ च्या आसपास लागते, लाकडात कर्ब त्याहून कितीतरी अधिक असतो, आणि ताज्या शेणात बहुतांश पाणीच असल्यामुळे एक टन शेणातून नत्र जेमतेम चार-पाच किलो मिळते. शेणाच्या जोडीला कोंबडी खत मिसळावे. त्यात नत्र कित्येक पट असते. ढीग किमान चार फूट उंच असावा, अन्यथा उष्णता टिकत नाही.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त ट्रायकोडर्मा या कुजवणाऱ्या बुरशीविषयी एक भर घालतो. ढीग नीट तापला की आतले तापमान ५५ ते ६५ अंशांवर जाते. काड्यांवरील रोगांचे बीजाणू मरण्यासाठी ही उष्णता हवीच, पण त्याच उष्णतेत ट्रायकोडर्माही टिकत नाही. पहिल्या दिवशी ओतलेली महागडी बाटली बहुधा अशीच वाया जाते. ढीग दोन-तीनदा पलटून, तो निवल्यावरच ट्रायकोडर्मा मिसळावा. त्यातही तो मुख्यतः लाकडातले तंतुमय सेल्युलोज कुजवतो, लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनपुढे त्याचे फारसे चालत नाही. लिग्निन फोडणाऱ्या बुरशी वेगळ्या आहेत, धिंगरी अळिंबी त्यांपैकीच एक.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. श्रेडर भाड्याने मिळाला, पण कोंबडी खताची सोय नाही. तुकडे थेट सरीत गाडले तर चालेल का?

उत्तर १:
गाडू नका. मातीत मिसळलेले कच्चे लाकूड कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेते आणि वेल पिवळे पडतात. ढीग करायचा असल्यास शेणस्लरीत थोडा युरिया विरघळवून तुकड्यांवर शिंपडावा, आणि मूठभर माल दाबल्यावर तळहात ओला होईल पण पाणी ठिबकणार नाही, इतकीच ओल ठेवावी. तेही जमत नसेल तर तुकडे ओळींमध्ये वरच्यावर आच्छादन म्हणून पसरा. मात्र बागेत करपा रोग असल्यास तसे करू नका, कारण त्याचे बीजाणू त्याच काड्यांवर टिकून राहतात.