एफवायबीएस्सी, मेजर केमिस्ट्री. मायनर काय घेऊ? सोमवारी फॉर्म द्यायचाय

बार्शीकर_मुलगी
कॉलेज नुकतंच सुरू झालंय. मायनरला, म्हणजे मेजरच्या जोडीच्या विषयाला, स्टॅट (संख्याशास्त्र), मायक्रो (सूक्ष्मजीवशास्त्र) आणि जिऑलॉजी (भूशास्त्र) असे पर्याय आहेत, सोमवारपर्यंत लिहून द्यायचंय. पुढे एमएस्सी, कंपनीत क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) की एमपीएससी, काहीच ठरलेलं नाही. बाबांचं म्हणणं सरकारी नोकरीचं बघ. वर्गातल्या मुली एकमेकींचं बघून टिक करतायत, मला तसं करायचं नाही. कोणता विषय घेतला तर या सगळ्या वाटा उघड्या राहतील? प्लीज लवकर सांगा.

पारावरचा
कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाला संलग्न? मायनर नंतर बदलता येतो का, हे जागोजागी वेगळं असतं. आणि बारावीला गणित होतं का?

लोटे_क्यूसी
डोळे झाकून स्टॅट घे. मी लोटे परशुरामला एका औषध कंपनीच्या क्यूसीत आहे. नवीन मुलं येतात, एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) चालवतात, स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची, ओळीने सहा इंजेक्शनं देतात, सॉफ्टवेअर आरएसडी (सहा आकडे एकमेकांपासून किती टक्के विखुरलेत ते) काढून देतं. तो २ टक्क्यांच्या वर गेला की माझ्याकडे बघत उभी राहतात. गडबड पंपात आहे, इंजेक्टरमध्ये आहे की नमुना नीट विरघळलाच नाही, हे आकड्यांवरून ओळखता यायला हवं. कॅलिब्रेशन (यंत्र बरोबर मोजतंय ना ते बघणं), मेथड व्हॅलिडेशन (तपासणीची पद्धत भरवशाची आहे हे सिद्ध करणं), सगळीकडे संख्याशास्त्रच. आणि बाबांना सांग, इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा यूपीएससी घेते. पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो.

प्रयोगवही
कंपनीत मायक्रोलाही मागणी आहे, फक्त एचपीएलसीवर जग चालत नाही दादा. पाण्याची, हवेची, निर्जंतुकतेची तपासणी कोण करतं? शिवाय अन्नसुरक्षा अधिकारी होता येतं.

लोटे_क्यूसी
त्या पदाला मायक्रोबायोलॉजीची पदवी लागते. मायनरवर ती धरतील असं गृहीत धरू नका. त्याच नियमात केमिस्ट्रीची एमएस्सीही चालते, म्हणजे हिला मायक्रो न घेताही ती वाट आहेच.

प्रयोगवही
एमएस्सी करेल की नाही हे तिचं तिलाच ठरायचंय. तुम्ही कशाला गृहीत धरता?

राज्यसेवा_२७
मायनर काहीही घ्या हो, एमपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. रोज एक पान मराठीत लिहायची सवय आत्तापासून लावा.

सावनी_ताई
पहिल्या वर्षाच्या मुलीला लगेच अभ्यासिकेत बसवू नका. माझ्या धाकट्या दिराने पदवीची प्रॅक्टिकल्स बुडवून तयारी केली, आता हाताशी धड पदवीही नाही.

राज्यसेवा_२७
अभ्यासिकेत बस असं मी म्हटलंच नाही, एक पान लिही म्हटलंय. आणि हा बदल आधी २०२३ लाच येणार होता. पुण्यात आंदोलन झालं म्हणून २०२५ वर गेला.

पारावरचा
आंदोलनासाठी वेगळा धागा काढा. बारावीचं गणित?

आप्पा_सोलापूर
बाळा, महाडीबीटीचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरलास का? उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे ना बघ. शेवटच्या आठवड्यात साइट चालत नाही.

बार्शीकर_मुलगी
फॉर्म भरलाय आप्पा. कॉलेज स्वायत्त आहे. बारावीला पीसीबी होतं, गणित नव्हतं. नीट पुन्हा द्यायची नाही, ते कृपया सुचवू नका.

पारावरचा
मग स्टॅटला बारावीचं गणित मागतात का, ते विभागात जाऊन विचार. बरीच कॉलेजं मागतात. तेवढ्यावरून घाबरून सोडू मात्र नकोस. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि जॅमच्या केमिस्ट्रीच्या अभ्यासक्रमातही मूलभूत गणित आहे. डिफरन्शिएशन-इंटिग्रेशन आज ना उद्या शिकावंच लागणार.

दगडधोंडे
जिऑलॉजीबद्दल कोणी बोलेना म्हणून लिहितो. जिऑलॉजिस्ट व्हायला त्यातलीच एमएस्सी लागते, मायनरवर भागत नाही, हे आधीच सांगतो. पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात केमिस्टचीही पदं असतात, केमिस्ट्रीच्या एमएस्सीवर, यूपीएससीच्या कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून. खडकांत, भूजलात काय काय आहे ते तपासायचं काम. फ्लुओराइड, आर्सेनिक ही केमिस्ट्रीच आहे. तुला बाहेर फिरायला आवडतं का, हे कोणीच विचारलं नाही.

बार्शीकर_मुलगी
फिरायला आवडतं, पण घरून टूरला पाठवतील का माहीत नाही.

सावनी_ताई
जिऑलॉजीचं फील्डवर्क सक्तीचं असतं, आधी घरी बोल.

लोटे_क्यूसी
सरांना विचारून सोमवारच्या आत स्टॅटच्या एखाद्या तासाला बसून बघ. सरासरी आणि प्रमाण विचलन हाताने काढताना कंटाळा आला नाही तर घे. आला तर मायक्रो. प्रयोगवही मॅडमना माझा विरोध नाही.

बार्शीकर_मुलगी
स्टॅटच्या सरांशी बोलले. गणित नसलं तरी चालेल म्हणाले, पण पहिल्या सत्रात ब्रिज कोर्स करावा लागेल. शनिवारी तासाला बसतेय. मायक्रोच्या मॅडमना उद्या भेटेन.

पारावरचा
दुसऱ्या वर्षी मायनर बदलता येतो का, ते विचारलंस?

प्रयोगवही
आणि मायक्रोच्या प्रॅक्टिकलची बॅच केमिस्ट्रीच्या वेळेवर तर येत नाही ना, तेही बघ. आमच्याकडे दोन्ही मंगळवारी दुपारी होत्या.