सळईची कोयती केली, धार टिकत नाही. भंगारातलं लोखंड ओळखायचं कसं?

हौशी_घणकर (पेडणे)

नमस्कार मंडळी. नोकरी म्हापशाला, घर पेडण्याकडे. घरामागे गोठ्याची शेड रिकामी पडलीय आणि गेल्या डिसेंबरपासून मला तिथे लोहारकीचा नाद लागलाय, व्हिडिओ बघून बघून. सगळं सामान भंगारातलं किंवा सेकंडहँड. टेम्पोचा जुना ब्रेक ड्रम म्हणजे भट्टी, त्याच्या बुडाला दीड इंची जीआय पाईप, वाऱ्याला बायकोचा हेअर ड्रायर (तिला आता कळलंय, तो विषय वेगळा). दोन हातोडे आणि एक खिळखिळी सांडशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या हत्यारांच्या ढिगात मिळाली. कोळसा करवंटीचा, घरीच करतो. ऐरण मात्र एका भंगारवाल्याने ₹३५०० ला दिली, "जुनी आहे, एकदम पक्की" म्हणून.

आता रडगाणं. घराचं काम झालं तेव्हाची २० एमएमची टीएमटी सळई उरली होती, तिची तीन संध्याकाळी ठोकून कोयती केली, दिसायला झक्कास, लालबुंद करून पाण्यात बुडवली, एकदा नाही तीनदा. आमच्या माडांवर चढणाऱ्या पाडेली काकांना कौतुकाने दिली तर दोन माड साफ करून खाली आले आणि हसून म्हणाले, बाब, ही लोणी कापायला ठेव. धार चक्क दुमडली होती. मग गॅरेजमागे एक जाड पट्टी सापडली, कसली ते देव जाणे, तिची सुरी केली, ती पाण्यात घातल्या घातल्या टिण्ण करून आवाज आला आणि मधोमध तडा. आणि परवा ऐरणीच्या कडेचा चक्क टवका उडाला, गालाजवळून गेला.

म्हणजे एक लोखंड कडक होतच नाही, दुसरं होतं तर फुटतं. बाहेरून तर सगळं सारखंच गंजलेलं दिसतं. कुठलं काय आहे हे तुम्ही लोक ओळखता कसं? आणि आईला चवथीआधी (गणेश चतुर्थी) नवीन आदोळी, म्हणजे खोबरं खोवायचे दात असलेली विळी, पाहिजे, ती कशाची करू?

---

गॅरेजवाला_साखळी

अरे बाबा टीएमटीची कोयती 😂 राग मानू नको, सगळे तिथूनच सुरू करतात, मी पण केलीय.

टीएमटी सळईत कार्बन कमी असतो, घराच्या कामाला येते त्या एफई ५०० प्रतीच्या सळईची कमाल मर्यादाच ०.३० टक्के आहे. तिला ताकद येते ती कारखान्यात गरम असतानाच वरून पाण्याचे फवारे मारून, म्हणजे बाहेरचं कवच कडक आणि आत मऊ. तू ती भट्टीत घातलीस तेव्हाच ते कवच गेलं. नंतर तीनदा बुडव नाहीतर तीस वेळा बुडव, धार धरण्याइतकी ती कडक होणार नाही. धारेच्या हत्याराला अर्धा टक्का तरी कार्बन पाहिजे, जास्त असला तर उत्तम.

आता तुझ्या नशिबाने तू गोव्यात आहेस. २०१२ ला मायनिंग थांबलं, मध्ये सुरू झालं, २०१८ च्या मार्चात परत थांबलं. तेव्हापासून डिचोली, साखळी, उसगाव, तिकडे सांगे कुडचड्यापर्यंत किती टिपर दारात उभे राहून सडले ते बघितलंयस ना? ज्यांनी कर्ज काढून ट्रक घेतले त्यांच्यासाठी ती वाईट गोष्ट होती, आमच्या गल्लीतच दोन घरं आहेत तशी, पण त्या ट्रकांचे पाटे भंगारात आले. पाटा म्हणजे ट्रकचा भार झेलणारी स्प्रिंगची पट्टी, स्प्रिंगचं पोलाद, कार्बन साधारण ०.५ ते ०.६, कोयती, कुदळ, आदोळी सगळ्याला एक नंबर. तुझी ती गॅरेजमागची पट्टी बहुतेक पाटाच होता, आणि तो तेलात घालायचा, पाण्यात नाही. पाण्यात एकदम थंड होतो म्हणून तडकतो.

एक लक्षात ठेव, मायनिंगचा ट्रक म्हणजे ओव्हरलोड. पाट्याला मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ बारीक चिरा असतात, डोळ्याला दिसत नाहीत, बुडवला की मग उघड्या पडतात. भोकाच्या दोन्ही बाजूंचं चार चार बोटं कापून टाक, उरलेलं घे.

ओळखायला ग्राइंडर. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर, फाटे कमी. कार्बनवाल्याच्या टोकाला फुलबाजीसारखी फुलं फुटतात. तुझी सळई आणि एक जुनी कानस शेजारी शेजारी धर, पाच मिनिटात डोळ्याला सवय होईल.

---

लोहाराचा_नातू

ठिणगीने अंदाज येतो, खात्री होत नाही. आजोबा काय करायचे सांगतो. नवीन तुकडा आला की त्याचा बोटाएवढा भाग तोडून आधी त्याची परीक्षा. तापवायचा, चुंबक चिकटायचं बंद झालं की (पोलाद ७७० अंशाच्या आसपास चुंबकाला दाद देईनासं होतं) अजून थोडं वर न्यायचं आणि तेलात. मग कानस चालवून बघायची. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी घेतलं म्हणजे कडक झालं, खरवडलं गेलं तर नाही घेतलं. नंतर तोच तुकडा व्हाइसमध्ये धरून फडक्याखाली मोडायचा आणि आतला दाणा बघायचा. बारीक राखाडी मखमलीसारखा असेल तर बरोबर, रव्यासारखा चमकणारा जाड असेल तर जास्त तापवलंस. दहा मिनिटांचं काम आहे आणि तीन संध्याकाळी वाचतात. आजोबांकडे चुंबक नव्हतं हां, ते रंगावरून करायचे, म्हणून त्यांची भट्टी कायम अंधाऱ्या कोपऱ्यात. उन्हात लाल रंग कळतच नाही. तुझ्या शेडला पश्चिमेचं ऊन येतं का बघ, संध्याकाळी काम करतोस म्हणून विचारलं.

आणि बुडवून झालं म्हणजे काम झालं असं नाही! ते अर्धंच झालं. बुडवल्यावर पोलाद काचेसारखं असतं, दगडावर पडलं तरी मोडेल. परत हलकं तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा. एक बाजू घासून चकचकीत कर, पाठीकडून शेक दे आणि रंग बघत राहा, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरी पिवळ्यावर थांबव. कोयती झाडावर आपटायची असते, ती जांभळ्या निळ्याच्या मधे आणि पाठ पूर्ण निळी. आदोळीच्या पात्याला तपकिरी ठीक, खोवायच्या दातांचं टोक थोडं जास्त उतरव नाहीतर दात तुटून खोबऱ्यात.

तेल खाण्याचंच वापर, सूर्यफूल किंवा आपलं नारळाचं, बोटाला सोसेल त्याहून जरा जास्त कोमट करून. इंजिनाचं जळकं तेल फुकट मिळतं म्हणून घेऊ नको, धूर घाणेरडा असतो. डबा पत्र्याचा, झाकणासकट. पेट घेतलं तर झाकण टाकायचं, पाणी नाही.

---

मडगावची_वेल्डर

कोणी त्या जीआय पाईपबद्दल बोलतच नाहीये?? घणकर दादा, ती पाईप आजच काढा. जीआय म्हणजे वरून जस्ताचा थर, आगीजवळ तो जळून पांढरा धूर येतो, छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. मी शिल्पकामासाठी वेल्डिंग करते, सुरुवातीला एकदा जुन्या कुंपणाचे पाईप न घासता जोडले आणि रात्रभर कुडकुडत पडले होते, घरच्यांना वाटलं मलेरिया. साधी काळी पाईप घ्या, भंगारात ढिगाने असते. असाच नियम बाकीच्यालाही, चकचकीत क्रोम असलेलं काही भट्टीत नको, रंग आधी खरवडा, आणि गाडीचे शॉक अॅब्सॉर्बर बंद असतानाच तापवू नका, आत दाब असतो, फुटतात.

ऐरण बिडाची (ओतीव लोखंडाची) आहे तुमची, फसवलं तुम्हाला. बेअरिंगची गोळी फूटभर उंचीवरून सोडून बघा, चांगल्या पोलादावरून आठ नऊ इंच परत उडते, बिडावरून निम्मीही नाही. बीड ठिसूळ, कडेला घण बसला की टवका उडणारच. (ब्रेक ड्रम पण बिडाचाच, पण त्याच्यावर आपण ठोकत नाही म्हणून चालतो.) चष्मा घालता का? वाचून तरी वाटत नाही.

---

हौशी_घणकर (पेडणे)

ताई चष्मा आता घालतो 🙏 पाईप काढली. गोळी सोडून बघितली, चार इंच पण उडाली नाही, ₹३५०० पाण्यात. रेल्वेच्या रुळाचा तुकडा घेऊ का मग? एकाने देतो म्हटलंय, थिवी स्टेशनकडून म्हणे.

---

गॅरेजवाला_साखळी

नको नको नको. रेल्वेचं सामान कायदेशीर कागदाशिवाय जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, १९६६ चा वेगळा कायदाच आहे त्याला, ऐरणीपायी कोर्टाच्या फेऱ्या कशाला. पोकलेनच्या बकेटची जाड पिन बघ किंवा फोर्कलिफ्टचा काटा, दोन्ही मजबूत पोलाद. मांडवीच्या काठाला जुन्या बार्जी (खनिज वाहणाऱ्या बोटी) कापतात तिथे जाड प्लेटचे तुकडे पण निघतात, साधं लोखंड आहे पण टवका नाही उडणार. पिन उभी करून आंब्याच्या ओंडक्यात अर्धी पुर, वर जेवढी राहील त्यावर ठोक. हातोड्याच्या खाली फक्त तळहाताएवढी जागा लागते रे, व्हिडिओतल्यासारखी शिंगवाली ऐरण असलीच पाहिजे असं काही नाही. उंची अशी ठेव की उभा राहून हात सरळ सोडलास तर मूठ टेकली पाहिजे, नाहीतर कंबर जाईल.

---

आंब्याचा_ओंडका

मी जरा वेगळं बोलतो. सगळ्यांना पहिल्याच महिन्यात कोयती नि सुरी का हवी असते? त्या टीएमटीचा दोष नाही, तिला चुकीचं काम दिलं. मऊ आहे ना, मग तिच्या सांडशी कर, तुझी ती खिळखिळी टाक. हूक कर, कडी कर, खुंटे कर. हात बसेल आणि कोळसा कमी जळेल. आणि तो हेअर ड्रायर फुल्ल सोडतोस ना? पाईपला बाजूला भोक पाडून पत्र्याची पट्टी लाव म्हणजे वारा कमी जास्त करता येईल. करवंटीच्या कोळशाला फार वारा लागत नाही, तुकडे सुपारीएवढे कर. जास्त वाऱ्याने लोखंडावर खपल्या धरतात आणि टोक पांढरं होऊन फुलबाज्या उडवायला लागलं तर समज जळालं, ते कापून टाकायचं, परत सुधरत नाही.

चवथीला आदोळीच्या आधी माटोळीची (गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात ती) चौकट टांगायचे हूक कर चार. तिथे मऊ सळईच पाहिजे.

---

लोहाराचा_नातू

माटोळी केवणीच्या सालीच्या दोराने बांधतात रे, हूक कसले 😀

---

आंब्याचा_ओंडका

फळं केवणीने, पण चौकट वाशाला कशाने लटकवता? आमच्याकडे दर वर्षी तीच जुनी गंजकी तार. नारळ, सुपारीचे घड, तोरिंजनासारखी मोठी फळं, सगळ्याचं वजन येतं त्याच्यावर. मऊ सळईचा हूक जास्त भार झाला तर हळूहळू उघडतो, दिसतो, बदलता येतो. कडक केलेला पाट्याचा हूक न सांगता तुटेल आणि सगळं गणपतीच्या डोक्यावर. म्हणून त्याला बुडवायचं नाही, हवेत थंड होऊ दे.

---

हौशी_घणकर (पेडणे)

अपडेट. साखळीवाल्यांनी सांगितलं तसं पाट्याचा दीड फुटाचा तुकडा मिळाला, किलोवर. भोकाजवळचं कापलं, बोटाएवढा तुकडा नारळाच्या तेलात बुडवला, कानस घसरली!! तो आवाज ऐकून बायको पण बघायला आली. मोडला तर पहिला रव्यासारखा निघाला, म्हणजे जास्त तापवला होता, दुसऱ्या वेळी चुंबक सुटल्यावर लगेच काढला तर बारीक आला. शेडला पश्चिमेकडून गोणपाट लावलंय.

सळईचे चार हूक झाले, त्यातले दोन एकसारखे आहेत. वाशाला एक लावून पंचवीस किलोची तांदळाची गोण दोन दिवस टांगली, हूक होता तसाच आहे, वासा मात्र कुरकुरतोय, त्याचं बघायला सुताराला बोलावलंय. आदोळीचं पातं ठोकून झालं, दात अजून पाडायचे आहेत. दात कानसने पाडायचे की गरम असताना छन्नीने?

---

लोहाराचा_नातू

कानसने, बुडवायच्या आधी. छन्नीने सुरुवातीला वाकडे पडतात. आणि पात्याला आधी तीनदा लाल करून हवेत थंड होऊ दे, ठोकून आलेला ताण जातो, मग बुडवताना पिळणार नाही. पावसात पातं तसंच ठेवलंस तर दोन दिवसात लाल होईल, उरलेलं नारळाचं तेल पुसून ठेव.