दाढीखाली कोंडा आणि खाज : स्क्रब घेऊ की ब्रश? (बजेट ३०० रु.)

हेल्मेटधारी
नमस्कार मंडळी. पावसाळ्यापासून दाढी वाढवतोय, आता मुठीत येते. हनुवटीखाली आणि कल्ल्यांजवळ सारखं खाजतं, काळ्या शर्टावर पांढरा भुगा पडतो. गळ्यापाशी काही केस आतल्या आत वळून पुटकुळ्या आल्यात. रोज दुचाकी, त्यामुळे तासन्‌तास हेल्मेट. घरी बोअरचं पाणी. मेलेली कातडी निघून जावी म्हणून काय घेऊ? ३०० रुपयांच्या वर जायचं नाहीये.

कडेलोट
मी सांगतो तो पूर्ण सेट घ्या : दाढीचा वॉश, स्क्रब, तेल, बाम आणि लाकडी कंगवा. मला १४५० ला पडला. चेहऱ्यावर स्वस्तातलं काही लावू नये या मताचा मी आहे. ऑफिसात लोक थांबवून विचारतात, दाढीला काय लावतोस म्हणून.

साळुंकी
उटणं लावा हो. मसूर डाळीचं पीठ, नागरमोथा, वाळा, कचोरा, थोडी आंबेहळद. आमच्याकडे दिवाळीपुरतं नसतं, वर्षभर डबा भरलेला असतो. दुधात कालवून गोल गोल चोळायचं. माझ्या मुलाची दाढी याच्यावरच छान राहिली आहे.

वडगावचा वाटसरू
उटण्याला आक्षेप नाही, पण मुठीएवढ्या दाढीतून ते धुऊन निघतं का? डाळीचं पीठ केसांच्या मुळाशी वाळून बसतं आणि मग तेच भुग्यासारखं पडतं. मी अक्रोडाच्या सालीचा स्क्रब वापरला होता. कण हनुवटीच्या खळीत अडकले, कंगव्याने काढताना कातडी खरवडली आणि आठवडाभर आंघोळीचं पाणी लागलं तरी झोंबत होतं. दाढीत खरखरीत कण घालूच नका.

बोअरबळी
सगळे पदार्थ सांगताहेत, पाण्याचं कोणी बोलत नाही. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चिकट साका होतो आणि तो केसांच्या मुळाशी बसतो. आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअर एकत्र येतं. किती अर्ज दिले, कोणी दाद देत नाही. वडीचा साबण दाढीला लावूच नका आणि शेवटचा तांब्या तरी फिल्टरच्या पाण्याचा घ्या. याला शून्य रुपये लागतात.

कडेलोट
म्हणूनच सेटमधला वॉश सांगितला, त्यात साबण नसतो.

दंतकथा
ब्रश घ्या. डुकराच्या केसांचा. राठ असतो, मुळाशी पोचतो, सुटलेली कातडी वर आणतो आणि तेल टोकापर्यंत पसरवतो. नायलॉनचा घेऊ नका, त्याची टोकं टोचतात.

साळुंकी
डुकराचे केस तोंडाला? आमच्या घरात चालायचं नाही. उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही मी.

दंतकथा
काकू, तो स्वच्छ केलेला असतो. रंगकामाचे चांगले ब्रशही त्याचेच असतात.

साळुंकी
भिंतीची गोष्ट वेगळी आणि तोंडाची वेगळी.

औषधवाला
मेडिकलच्या काउंटरवर ही तक्रार रोज ऐकतो. बहुतेक वेळा हा डोक्यातल्या कोंड्याचाच भाऊ असतो. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच त्वचेवर असते. त्वचेच्या तेलावर ती पोसते, आणि हेल्मेटच्या पट्ट्याखाली ऊब नि घाम असला की तिचं फावतं. नुसतं घासून खपल्या निघतात, पण कारण तसंच राहतं. केटोकोनॅझोल (बुरशीवरचं औषध) २ टक्के शाम्पू घ्या, छोटी बाटली तुमच्या बजेटात बसेल. दाढी ओली करा, नखं न लावता बोटांच्या पेरांनी मुळाशी चोळा, ३ ते ५ मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. बाकीच्या दिवशी साधं पाणी पुरे.
आत वळलेल्या केसांसाठी सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश चालतो. ते तेलात विरघळत असल्याने छिद्रात उतरतं. पण दोन्ही एकदम सुरू करू नका आणि पुटकुळ्या सुईने उकरू नका.
हात जोडून एक सांगणं : कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. खाज लगेच थांबते म्हणून लोक ट्यूबवर ट्यूब नेतात. ते गजकर्ण निघालं तर नकळत पसरत जातं आणि मग आवरता आवरत नाही. गोल, लाल कडेचा चट्टा दिसला किंवा पू आला तर थेट त्वचारोगतज्ज्ञ.

मोहरीचं तेल
एवढं औषध कशाला? रात्री खोबरेल चोपडून झोपा. आमच्या पिढीने कधी शाम्पू पाहिला नव्हता.

औषधवाला
वर काय लिहिलं ते वाचा की हो. तेलावरच ती यीस्ट वाढते. खपल्या मऊ करायला धुण्याआधी थोडा वेळ लावलं तर ठीक, रात्रभर ठेवू नका.

मोहरीचं तेल
आणि नाव मोहरीचं असलं तरी मी खोबरेलच वापरतो, ते शुद्ध घाण्याचं. बाजारातल्याशी तुलना करू नका.

नवाकोरा
+१ उटणं. आणि ब्रश पण घ्या.

बोअरबळी
हेल्मेटचं आतलं अस्तर कधी धुतलंय का? माझ्याचं पाणी काळं निघालं होतं. पट्टासुद्धा धुवा.

हेल्मेटधारी
सगळ्यांचे आभार. अस्तर आणि पट्टा काल धुतला, वाळायला दीड दिवस गेला. बाकी काहीच विकत घेतलं नाही. कोणी सुचवलं नव्हतं, पण कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन मशीनने दाढी अगदी बारीक करून घेतली. तेव्हा कुठे खालची कातडी दिसली : हनुवटीच्या दोन्ही बाजूंना लालसर पट्टे आणि वर पिवळट, तेलकट खपल्या. फोटो काढून ठेवलेत, शनिवारी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. ते ३०० रुपये तिकडे जातील, वरचेही जातील, पण आधी नेमकं काय आहे ते कळू दे.

कडेलोट
एवढी वाढलेली दाढी कापलीत? फार वाईट वाटलं.

औषधवाला
चांगलं केलंत. डॉक्टरांना दाखवायच्या दिवशी चेहऱ्याला काही लावून जाऊ नका.